धुण्यातलं तूस अडवणारी साधनं: पिशवी, चेंडू की नळीवरचा फिल्टर?

वॉशिंग मशीनच्या सांडपाण्यातून जाणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्मतंतू अडवायला बाजारात मुख्यतः तीन प्रकारची साधनं मिळतात. कपडे भरून ड्रममध्ये टाकायची जाळीची पिशवी, कपड्यांबरोबर घुसळत राहणारा चेंडू आणि सांडपाण्याच्या नळीवर बसवायचा फिल्टर. निकाल आधीच सांगितलेला बरा. चेंडूवर पैसे घालवू नका. घरात फ्लीसचं जाकीट, ॲक्रिलिकचे स्वेटर असे दोन-चारच कपडे त्रासदायक असतील तर पिशवी पुरते. रोजचं धुणंच सिंथेटिक असेल आणि दर आठवड्याला जाळी उघडून पुसायची तयारी असेल, तर नळीवरचा फिल्टर घ्या. ती तयारी नसेल तर तो घेऊन भिंतीला लटकवण्यात अर्थ नाही. का ते पुढे येतंच.

मुळात अडवायचं किती आहे? प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी २०१६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार ६ किलोच्या एका धुण्यातून ॲक्रिलिकचे सात लाखांहून अधिक तंतू सुटतात, पॉलिएस्टरचे सुमारे पाच लाख, आणि पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाचे सुमारे एक लाख अडतीस हजार. आकडे छाती दडपवणारे आहेत, पण हे तंतू इतके हलके असतात की लाखोंचं वजनही ग्रॅमच्या आसपासच भरतं. म्हणून साधनाची कामगिरी वाचताना पहिला प्रश्न असा: टक्के तंतूंच्या संख्येचे आहेत की वजनाचे? लांब तंतू अडकून बारीक तुकडे निसटले तर वजनाचा टक्का झकास दिसतो आणि संख्येचा पडतो.

तंतूचा आकार डोळ्यांसमोर आणला की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं. पॉलिएस्टरच्या तंतूची जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लांबी मात्र काहीशे मायक्रॉनपासून काही मिलिमीटरपर्यंत. म्हणजे तो दाणा नसून काडी आहे. १५० मायक्रॉनच्या भोकासमोर काडी आडवी आली तर अडकते, टोकाने आली तर सुई कापडातून जावी तशी पार होते. म्हणून नवीकोरी जाळी वाईट गाळते. पहिल्या काही धुण्यांत तिच्यावर तुसाचा पातळ थर बसतो आणि पुढे तो थरच खरी गाळणी होतो. थर आणखी जाड झाला की पाणी तुंबतं. या दोन टोकांच्या मधला काळ म्हणजे फिल्टरचा कामाचा काळ. विकणारे बोलतात फक्त जाळीच्या भोकांबद्दल.

आता टक्क्यांकडे. ‘लिंट लव्हआर’ हा भिंतीवर बसवायचा फिल्टर २०१९ मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी पॉलिएस्टर फ्लीसवर तपासला, तेव्हा संख्येने सरासरी ८७% तंतू अडले. ‘कोरा बॉल’ या चेंडूने २६% अडवले. पुढच्याच वर्षी प्लिमथच्या गटाने सहा साधनं एकत्र तपासली, तेव्हा याच लिंट लव्हआरला २९% मिळाले आणि कोरा बॉलला ३१%. कोणी खोटं बोलत नव्हतं. कापड वेगळं, मोजायची रीत वेगळी, यंत्र वेगळं. फ्लीसचे लांब, कुरळे तंतू जाळीवर पटकन गुंततात. मिश्र कापडाचे आखूड तुकडे निसटतात. कपडे धुताना त्यांचं किती वजन घटतं ते मोजण्यासाठी २०२३ मध्ये आयएसओ ४४८४-१ हे मानक आलं, पण ते कापडासाठी आहे. खोक्यावरचा टक्का कोणत्या कापडावर, कितव्या धुण्याला आणि संख्येने की वजनाने काढला हे लिहिलेलं नसेल तर त्या टक्क्याकडे बघूच नका.

प्लिमथच्या त्या चाचणीत पहिला आला ‘एक्सफिल्ट्रा’, ७८%. हा मोटरवर फिरणारा फिल्टर आहे. पाणी नुसतं जाळीवर सोडत नाही, फिरवून जाळीतून बाहेर फेकतो. यंत्र बनवणाऱ्यांनी आतच बसवावा अशी त्याची रचना, त्यामुळे सामान्य ग्राहकाला त्याचा थेट उपयोग नाही. त्याच्या मागोमाग ‘गपीफ्रेंड’ ही पिशवी, ५४%. आणि खाली ‘प्लॅनेटकेअर’चा कार्ट्रिज, २५%, तोही एका धुण्यापासून दुसऱ्या धुण्यापर्यंत बराच खालीवर. स्लोव्हेनियातल्या या कंपनीने नंतर रचना बदलली, तेव्हा तो आकडा आजच्या मालाला लावणं अन्यायाचं होईल. कल्पना मात्र चांगली आहे: भरलेला कार्ट्रिज घरी उघडायचाच नाही, कंपनीला परत पाठवायचा.

पिशवी. गपीफ्रेंडची जाळी ५० मायक्रॉनची, पॉलिअमाइडच्या अखंड धाग्याची. धागा पिळलेला नसल्याने पिशवी स्वतः तूस सोडत नाही. साध्या विणलेल्या लाँड्री बॅगेत आणि हिच्यात हाच फरक आहे. भोकं ५० मायक्रॉनची म्हणजे १५० च्या तुलनेत क्षेत्रफळाने नऊपट लहान, तरी पाणी तुंबत नाही, कारण पिशवीचा सगळा पृष्ठभाग गाळणीचं काम करतो. तिचा दुसरा गुण टक्क्यांत पूर्ण दिसत नाही. आतले कपडे ड्रमच्या पत्र्यावर आणि जीन्सच्या बटणांवर घासले जात नाहीत, त्यामुळे तंतू तुटतातच कमी. पिशवीत तूस फारसं दिसत नाही म्हणून ती फसवी आहे अशी तक्रार ग्राहक करतात. त्यातला काही भाग या न तुटलेल्या तंतूंचा असतो.

चुका होतात त्या भरताना. पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरायची, त्याहून जास्त नाही. गच्च भरली की आतल्या कपड्यांपर्यंत पाणी पोचत नाही, साबण निघत नाही, आणि पिळताना ओला गोळा एका बाजूला जाऊन यंत्र हादरायला लागतं. ड्रममध्ये एकटी पिशवी टाकली तर तेच. तिच्यासोबत बाहेर दोन-तीन टॉवेल टाकले की वजन समतोल राहतं. झिप शेवटपर्यंत ओढून तिचं टोक तिथल्या लहानशा कप्प्यात खोचायचं, नाहीतर धुण्याच्या मध्यावर ती उघडते. पाणी ४० अंशांच्या वर नको. चिखलाने बरबटलेले कपडे हिच्यात घालू नका. चिखल आतच राहतो.

तूस जमतं ते कोपऱ्यांत आणि शिवणीलगत. ओल्या पिशवीची शिवण उलटी करून बघितली तर निळसर करड्या रंगाची, नमद्यासारखी दिसणारी पातळ पट्टी सापडते. ती चिमटीने धरून एका टोकाकडून गुंडाळत न्यायची, सुटून येते. एकेका धुण्यानंतर हाताला काहीच लागत नसेल तर दोन-तीन धुण्यांनी काढा. पण पिशवी नळाखाली धरू नका. हे वाक्य माहितीपत्रकात असतं, तरी सर्रास होणारी चूक हीच. नळाखाली धरली की अडवलेलं सगळं जिथे जायला नको होतं तिथेच जातं.

चेंडूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रवाळ जसा पाण्यातून खाद्य गाळतो तशी लवचिक दांड्यांची, टोकाशी कड्या असलेली रचना. पाणी त्यातून गेलं की तंतू गुंततात. केस मात्र सुरेख पकडतो, आणि त्यामुळेच तो चालतोय असं वाटत राहतं. पण धुण्यातलं फारच थोडं पाणी त्याच्यामधून जातं. सैल विणीचे स्वेटर, लेस, गोंडे यांत त्याच्या कड्या अडकतात, आणि मग तंतू वाचवायच्या नादात कापडच ओढलं जातं. दोन स्वतंत्र चाचण्यांत २६ आणि ३१ टक्के. जे फुकट करता येतं त्याने याहून कमी फरक पडत नाही, ते पुढे.

नळीवरच्या फिल्टरचं गणित वेगळं आहे. कपडे वेगळे काढायचे नाहीत, भरायची मर्यादा नाही, सगळंच्या सगळं पाणी जाळीतून जातं. पण बसवणं आणि राखणं दोन्ही अंगावर पडतं.

बसवताना आधी यंत्राच्या पुस्तिकेत बघा, पंप पाणी किती उंचीपर्यंत चढवतो. बहुतेक घरगुती यंत्रांत ही मर्यादा साधारण १ मीटर. फिल्टर त्याहून वर टांगला तर पाणी परत ड्रममध्ये येतं. जमिनीलगत ठेवला आणि नळीचं तोंडही खालीच राहिलं तर उलट घोटाळा: सायफन लागून यंत्रातलं पाणी धुणं चालू असतानाच निघून जातं. फिल्टरमधून बाहेर पडणारी नळी सतत उताराची हवी, मध्ये झोळ नको. नळीचा आतला व्यास मोजूनच जोड घ्या. एकाच मापाच्या समजल्या जाणाऱ्या नळ्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघतो आणि गळती तिथूनच सुरू होते. जोडावर स्टीलचे स्क्रू-क्लिप लावा, प्लॅस्टिकची पट्टी नको. काम सुरू करायच्या आधी प्लग काढा आणि खाली बादली ठेवा. नळीत लिटर-दीड लिटर पाणी सहज उरलेलं असतं. बसवून झालं की रिकाम्या यंत्रात फक्त पाणी उपसायचा प्रोग्रॅम लावा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा. डोळ्यांना न दिसणारी पाझर टिश्यूवर लगेच डाग पाडते.

भांडं पारदर्शक असलेलाच फिल्टर घ्या. आत किती साचलंय हे उघडल्याशिवाय दिसलं नाही तर आठवड्याचे दोन आठवडे होतात. शिवाय काही फिल्टरना बायपास असतो: जाळी तुंबली की पाणी वरून वळसा घालून निघून जातं. यंत्राच्या दृष्टीने ही सोय चांगली, पंपावर ताण येत नाही. पण त्या क्षणापासून फिल्टर शून्य टक्के काम करत असतो आणि कुठलीही खूण दाखवत नाही. बायपास नसलेला फिल्टर तुंबला तर निदान यंत्र पाणी उपसत नसल्याचा एरर दाखवून थांबतं. त्रासदायक आहे, पण प्रामाणिक आहे.

तुंबायचं कारण बहुतेक वेळा तूस नसतंच. फॅब्रिक सॉफ्टनरचा मेणचट थर, न विरघळलेली पावडर आणि केस यांचा मिळून जाळीवर एक बुळबुळीत पापुद्रा तयार होतो. त्यावर अगदी थोडं तूस बसलं तरी पाणी थांबतं. सॉफ्टनर निम्मा केला, पावडरऐवजी द्रव साबण घेतला, की साफसफाईमधलं अंतर वाढतं.

साफ करायची रीत अशी. जाळी बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. पूर्ण ओलं तूस बोटाला चिकटून पसरतं, पूर्ण वाळलेलं हवेत उडतं. मधल्या दमट अवस्थेत ते एकसंध पापुद्र्यासारखं निघतं. कडेला नखाने सोडवा आणि गुंडाळत न्या. उरलेलं कोरड्या कागदाने पुसा. मग जाळी एका लहान भांड्यात गरम पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. ते पाणी मोरीत ओतायचं नाही. कॉफीच्या गाळणीचा कागद लावून गाळा. कागद आणि तूस दोन्ही बंद पिशवीत घालून सुक्या कचऱ्यात. कंपोस्टमध्ये टाकायचा मोह होतो, कारण ते दिसतं मातीसारखं, पण त्यातलं पॉलिएस्टर कुजत नाही. भांड्यात पाणी कठीण असल्याचे पांढरे डाग दिसले तर महिन्यातून एकदा सोड्याऐवजी व्हिनेगर. ब्रशने खरवडू नका. बारीक जाळीची भोकं फाकली की पुन्हा बसत नाहीत.

वरून भरायच्या यंत्राला हा फिल्टर लावणार असाल तर साफसफाईचा काळ निम्मा धरा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा गटाने २०१६ मध्ये सिंथेटिक जाकिटं धुऊन पाहिली, तेव्हा वरून भरायच्या यंत्रातून समोरून भरायच्या यंत्राच्या सुमारे सातपट तूस निघालं. पाणीही तिथे जास्त लागतं. साधन जेवढं गरजेचं, तेवढंच लवकर भरणारं.

आपलं साधन खरंच काही अडवतंय का हे घरी बघता येतं. नळीचं तोंड मोठ्या बादलीत सोडा, पहिल्या उपशाचं पाणी ढवळून त्यातलं एक लिटर कॉफीच्या कागदातून गाळा. एकदा फिल्टर लावून, एकदा काढून. कपडे तेच, प्रोग्रॅम तोच. कागदांसोबत एक कोरा कागद स्वच्छ पाण्यात भिजवून ठेवा आणि तिन्ही एकाच जागी दिवसभर वाळवा. वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करा आणि कोऱ्या कागदाच्या वजनात जो फरक पडला तो बाकीच्यांतून वजा करा. ही वजाबाकी विसरलात तर सगळं मुसळ केरात: कागद आणि सुती तूस हवेतली ओल धरतात. प्रमाण हवामानात सुती तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५% ओल धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४%. दमट दिवशी नुसता कागदच तुमच्या तुसापेक्षा जड भरेल. आणि एका जोडीवर निकाल देऊ नका, निदान तीन तरी करा. कपडे नवे असतील तर चाचणी पुढे ढकला. नव्या कापडातून पहिल्या चार-पाच धुण्यांत जास्त तूस जातं, मग ते स्थिरावतं.

आता ते फुकटचं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट निघाली ती कापडाच्या मानाने पाणी किती हे. नाजूक कपड्यांसाठीचा डेलिकेट प्रोग्रॅम पाणी भरपूर घेतो, आणि त्यात नेहमीच्या प्रोग्रॅमपेक्षा प्रत्येक धुण्यामागे आठ लाख जास्त तंतू सुटले. नाव नाजूक, काम उलटं. नॉर्थंब्रिया विद्यापीठाने २०२० मध्ये १५ अंशांवरचं ३० मिनिटांचं धुणं ४० अंशांवरच्या ८५ मिनिटांच्या धुण्याशी ताडून पाहिलं. तूस सुमारे ३०% घटलं. म्हणजे ड्रम नीट भरायचा, पाणी थंड, वेळ कमी, डेलिकेट टाळायचा. एवढ्यावर चेंडूइतका परिणाम साधतो, आणि त्यासाठी साफ काहीच करावं लागत नाही.

या साधनांच्या जाहिरातींत आरोग्याची भाषा वाढत चालली आहे, तिथे सावध राहा. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या इटालियन अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. मानेतल्या रोहिणीतून काढलेल्या थरात २५७ पैकी १५० रुग्णांमध्ये पॉलिएथिलीन सापडलं, आणि पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो सहसंबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. शिवाय त्यात सापडलेली प्लॅस्टिकं पॉलिएथिलीन आणि पीव्हीसी होती, कपड्यांचं पॉलिएस्टर नव्हे. रक्तात सूक्ष्मप्लॅस्टिक दाखवणाऱ्या २०२२ च्या डच अभ्यासात पीईटी, म्हणजे कपड्यांचंच पॉलिएस्टर, होतं खरं, पण पीईटीच्याच बाटल्याही होतात. त्याहून सरळ मुद्दा असा की सांडपाण्यावरचा फिल्टर तुमच्या श्वासातलं काहीच अडवत नाही. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या आणि प्लिमथच्या संशोधकांनी २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार एका माणसाच्या पॉलिएस्टर कपड्यांतून वर्षाला सुमारे ३० कोटी तंतू धुण्यात जातात आणि ९० कोटींहून अधिक नुसते वापरताना हवेत. फिल्टर घ्यायचा तो नदी, समुद्र आणि शेतासाठी. शेत म्हणजे काय, तर सांडपाणी प्रकल्प बहुतांश तंतू अडवतात, पण ते गाळात जातात, आणि हा गाळ अनेक ठिकाणी जमिनीवर पसरला जातो.

गावभर फिल्टर लावून काय होतं? कॅनडातल्या पॅरी साउंड या छोट्या गावात ९७ घरांना, म्हणजे प्रकल्पाला जोडलेल्या सुमारे १०% घरांना, नळीवरचे फिल्टर दिले गेले. २०२१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सूक्ष्मतंतू सुमारे ४१% घटलेले दिसले. बातमी म्हणून सुंदर, पण हिशेब जरा अडतो. १०% घरांचं सगळंच तूस अडलं तरी एवढी घट निव्वळ फिल्टरने कशी होईल? काही भाग इतर कारणांचा असणार. दिशा बरोबर आहे, आकडा खोक्यावर छापण्याजोगा नाही.

कायद्याचं गाडं संथ चालतं. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात १ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या यंत्रांना तंतू अडवायची सोय सक्तीची लिहिली. कॅलिफोर्नियात तशाच विधेयकावर २०२३ मध्ये गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. दुसरीकडे टोरंटो विद्यापीठाने २०२३ मध्ये नायलॉनवर सिलिकॉनचा अतिपातळ लेप देऊन ९ धुण्यांनंतरही तूस ९०% हून अधिक कमी ठेवलं. तंतू तुटूच न देणं हे केव्हाही सरस. तसे कपडे दुकानात येईपर्यंत जाळी पुसणं आहे.

एक राहिलं. समुद्राच्या पाण्याच्या ९१६ नमुन्यांतले तंतू २०२० मध्ये तपासले गेले तेव्हा त्यांत सिंथेटिक फक्त ८.२% निघाले, बाकी बहुतेक कापूस, व्हिस्कोस आणि लोकर. रंगवलेला, प्रक्रिया केलेला सुती तंतूही पाण्यात बराच काळ टिकतो. त्यामुळे घरात सगळं सुती आहे, आपल्याला याची गरज नाही, हे म्हणणं पूर्ण खरं नाही, आणि याच कारणाने नळीवरचा फिल्टर पिशवीपेक्षा उजवा ठरतो. तो कापड बघत नाही.

घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. जाळी किती मायक्रॉनची. बायपास आहे का, आणि असेल तर तो उघडल्याचं बाहेरून कळतं का. आणि सुटी जाळी, झाकणाची रबरी रिंग वेगळी मिळते का. रिंग आधी जाते. ती वाळून कडक झाली की झाकण कितीही आवळा, कडेने थेंब यायला लागतात, आणि दहा मिलिमीटरच्या त्या रबरापायी चांगला फिल्टर भंगारात जातो.